व्यवसाय : गृहिणी – गरोदरपणातल्या ब्रुसेलोसिसचं एक प्रकरण

ब्रुसेलोसिस म्हणजे ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे होणारा, जनावरांकडून माणसाला लागणारा तापाचा आजार. ही नोंद मी उपचार करणाऱ्या चमूतला फिजिशियन म्हणून लिहितो आहे. रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून वय, काळ आणि घरचे तपशील बदलले आहेत. आजार कसा वाढला, आम्ही काय ठरवलं आणि कुठे चुकलो, ते मात्र जसं घडलं तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

बाई सत्तावीस वर्षांच्या, तिसऱ्यांदा गरोदर, सतरावा आठवडा. थोरली मुलगी पाच वर्षांची, ठणठणीत. दुसऱ्या खेपेला, वर्षभरापूर्वी, चौथ्या महिन्यात गर्भपात झाला होता. त्या वेळच्या कागदांवर कारण लिहिलेलं नव्हतं. बाईंना एवढंच आठवत होतं की आधी आठ-दहा दिवस अंगात ताप होता.

केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘गृहिणी’. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांच्या कागदावर हाच शब्द असतो, आणि तो एकदा लिहिला की पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. या बाईंच्या घरी अकरा शेळ्या होत्या. त्यांचं चारापाणी, धारा काढणं, शेळी अडली तर हात घालून करडू सोडवणं, पडलेली जार उचलून लांब टाकणं, गोठा झाडणं, हे सगळं त्याच करत. घरात त्याला कोणी काम म्हणत नव्हतं. आम्हीही विचारलं नाही.

तक्रारी, आणि त्यांना मिळालेली नावं

चौदाव्या आठवड्यापासून ताप सुरू झाला. दुपारपर्यंत बाई बऱ्या असत. दिवस कलला की अंग मोडून यायचं, थंडी वाजायची, रात्री घामानं कपडे ओलेचिंब व्हायचे आणि सकाळी पुन्हा काही नाही. भूक गेली. वजन वाढायच्या दिवसांत दोन किलो उतरलं. कंबर दुखत होती, त्यातही डावीकडे जास्त. रात्री कूस बदलताना कळ यायची.

पहिल्या डॉक्टरांनी लघवी तपासली. तिच्यात थोड्या पू-पेशी दिसल्या, त्यावरून मूत्रमार्गाचा संसर्ग ठरला आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. ताप उतरल्यासारखा वाटला, आठवड्याभरानं परत आला. दुसऱ्या ठिकाणी विडाल चाचणी किंचित वाढलेली निघाली. निदान झालं विषमज्वर, औषध सेफिक्झिम. ताप पुन्हा कमी झाला, पुन्हा चढला. चढ-उतार हा या आजाराचा स्वभावच आहे, म्हणून तर जुन्या पुस्तकांत त्याला लहरी ताप म्हटलं आहे. त्यामुळे एखाद्या औषधाच्या वेळीच ताप उतरला तर श्रेय औषधाला जातं.

आमच्याकडे दाखल झाल्यावर फार वेगळं घडलं नाही, हे कबूल करायला हवं. मलेरिया, डेंग्यू नकारार्थी. हिमोग्लोबिन ९.४, पांढऱ्या पेशी ३,९०० आणि त्यात लिम्फोसाइटचं प्रमाण जास्त, प्लेटलेट १,३०,०००, यकृताची सूज दाखवणारं एएलटी वाढून ८८. सोनोग्राफीत गर्भ जिवंत, दिवसांप्रमाणे वाढलेला. प्लीहा जेमतेम मोठी. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढतो का ते पाहायला, रक्त पाठवलं. रक्तक्षय? गरोदरपणात असतोच. प्लेटलेट कमी? थोड्या उतरतातच. मळमळ, थकवा, घाम? या दिवसांत होतं. कंबरेबद्दल तर मी माझ्या हातानं लिहिलं, ‘गरोदरपणाची कंबरदुखी’. प्रत्येक लक्षणाला गरोदरपण हे तयार उत्तर होतं. ती सगळी लक्षणं एका ओळीत मांडून कोणी पाहिली नव्हती.

निर्णायक माहिती कुठून आली

दाखल झाल्याच्या तिसऱ्या रात्री सासूबाई ड्यूटीवरच्या सिस्टरना विनवत होत्या, “हिला लवकर सोडा हो. शेळ्या व्यायला आल्यात. तीन तर गाभडल्या. माझ्याच्यानं वाकवत नाही, सगळं हीच बघते.”

सिस्टर स्वतः शेळ्या पाळणाऱ्या घरातल्या. त्यांनी नर्सिंगच्या नोंदीत, नाडी-तापमानाच्या खाली, एक ओळ लिहून ठेवली : ‘घरच्या तीन शेळ्या गाभडल्या आहेत. रुग्ण स्वतः हाताळते.’ सकाळच्या फेरीत ती माझ्या नजरेस पडली. या प्रकरणातलं निदान त्या ओळीनं केलं, असं मी मानतो.

आपल्या भाषेत जनावर गाभडतं आणि बाईचा गर्भपात होतो. शब्द वेगळे, डॉक्टर वेगळे, कागदही वेगळे. वैद्यकातही हेच होतं. १८८७ मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूसनं माल्टात तापानं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून एक जंतू वेगळा केला. दहा वर्षांनी, १८९७ मध्ये, डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग याला गाभडणाऱ्या गाईंत दुसरा सापडला. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामितनं माल्टातल्या वरकरणी निरोगी शेळ्यांत ब्रूसचा जंतू दाखवला. शेळीचं दूध बंद केल्यावर तिथल्या सैनिकांतला ताप झपाट्यानं ओसरला. तरीही माणसाचा जंतू आणि गाईचा जंतू अगदी जवळचे नातेवाईक आहेत हे १९१८ मध्ये अमेरिकी जीवाणुशास्त्रज्ञ ॲलिस इव्हान्सनं दाखवेपर्यंत दोन्हीकडचे लोक आपापल्या खोलीतच बसून होते. इव्हान्सना १९२२ मध्ये प्रयोगशाळेतच या आजाराची लागण झाली आणि पुढची अनेक वर्षं त्या अधूनमधून आजारी राहिल्या. सुरुवातीला त्यांच्या दुखण्याला ‘न्यूरास्थेनिया’ म्हणण्यात आलं, म्हणजे बाईचं मनानं घेतलेलं दुखणं. या आजारावरच्या जाणकार बाईचीही ही गत झाली होती.

सकाळी मी बाईंच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसलो आणि पहिल्या दिवशी विचारायचे प्रश्न विचारले. शेळ्या कधी गाभडल्या? गेल्या दोन महिन्यांत. मेलेली करडं कोणी काढली? “मीच. दुसरं कोण काढणार?” हातमोजे? त्या हसल्या. दूध? मुलीला उकळून देतात. पण धार काढताना त्या स्वतः एखादा घोट तसाच घेतात, आणि नवऱ्याला कच्चंच आवडतं. मग थोडं थांबून त्यांनी स्वतःच सांगितलं, “गेल्या साली माझं गेलं ना डॉक्टर, तेव्हाही एक शेळी गाभडली होती.”

ती आधीची घटना याच आजाराची होती असं म्हणायला पुरावा नाही. तेव्हा कोणतीच तपासणी झाली नव्हती. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तपासण्या

रोझ बेंगॉल ही रक्तात ब्रुसेलाची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी काही मिनिटांत होते. ती त्याच दुपारी केली आणि होकारार्थी आली. नळीतली ॲग्लुटिनेशन चाचणी, म्हणजे नमुना पातळ करत नेऊन कुठवर गुठळ्या होतात ते पाहणं, १:६४० पर्यंत होकारार्थी. १:१६० आणि त्यावरचं प्रमाण, लक्षणं जुळत असतील तर, महत्त्वाचं धरतात. हा आजार कायम असणाऱ्या भागात १:३२० ची रेघ मानणारेही आहेत. एक खाचखळगा इथे सांगून ठेवतो. प्रतिपिंडं फार जास्त असली तर सुरुवातीच्या कमी पातळ केलेल्या नळ्यांत गुठळ्या दिसतच नाहीत. प्रयोगशाळेनं पुढच्या नळ्या केल्या नाहीत तर अहवाल चक्क नकारार्थी येतो. म्हणून संशय दाट असेल तर ‘नकारार्थी’ या शब्दावर थांबू नये, नमुना किती पातळ करून पाहिला ते विचारावं.

दुसरं काम त्याहून घाईचं होतं : प्रयोगशाळेला फोन. दाखल होतानाचं रक्त तीन दिवसांपासून त्यांच्या यंत्रात होतं आणि त्यात काय असू शकतं याची त्यांना कल्पना नव्हती. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या संसर्गांत ब्रुसेला फार वरच्या क्रमांकावर आहे, कारण तो श्वासावाटेही शिरतो. फोननंतर त्यांनी बाटली सुरक्षा कपाटातच हाताळायचं ठरवलं. दोन दिवसांनी, म्हणजे नमुना घेतल्याच्या पाचव्या दिवशी, यंत्रानं इशारा दिला. पुढे संदर्भ प्रयोगशाळेतून नाव आलं, ब्रुसेला मेलिटेन्सिस. शेळ्या-मेंढ्यांतली ही जात माणसाला सगळ्यांत जास्त छळते.

कंबरेकडे आता नव्या नजरेनं पाहिलं. कॉन्ट्रास्ट न देता एमआरआय केला. डाव्या सेक्रोइलियाक सांध्यात, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी जिथे कटीच्या हाडाला जोडलं जातं तिथे, स्पष्ट दाह होता. माझी ‘गरोदरपणाची कंबरदुखी’ ती हीच. हृदयाच्या झडपा इकोमध्ये स्वच्छ दिसल्या. या आजारात मृत्यू क्वचित होतो, पण होतो तेव्हा बहुतेकदा झडपांच्या संसर्गानं होतो, म्हणून ते पाहून घेणं भाग होतं.

गर्भाला धोका किती

घरच्यांचा पहिला प्रश्न हाच होता, आणि उत्तर सरळ नव्हतं.

शेळी, मेंढी, गाय यांच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक शर्करा भरपूर असते. ब्रुसेलाला ती फार मानवते. तो तिथे बेसुमार वाढतो आणि जनावर गाभडतं. माणसाच्या वारेत ही शर्करा तशी नसते, आणि मानवी गर्भजलात या जंतूला आवर घालणारे घटक आढळले आहेत. यावरून बरीच वर्षं असं मानलं गेलं की बायकांना ब्रुसेलोसिसमुळे गर्भपाताचा वेगळा धोका नाही, कुठल्याही मोठ्या तापात असतो तेवढाच आहे.

आकडे मात्र तेवढा दिलासा देत नाहीत. सौदी अरेबियातल्या एका रुग्णालयात तीव्र ब्रुसेलोसिस झालेल्या ९२ गर्भवतींचा आढावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या तिमाहीत गर्भपाताचं प्रमाण ४३ टक्के होतं, आणि तिसऱ्या तिमाहीत गर्भ पोटात दगावण्याचं २ टक्के. रुग्णालयापर्यंत पोचलेल्या, बऱ्याच आजारी बायकांचे हे आकडे आहेत. प्रत्येक लागण झालेल्या बाईला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट होती आणि आमच्या निर्णयाचा सगळा भार तिच्यावर होता : ज्यांना वेळेत योग्य प्रतिजैविकं मिळाली त्यांच्यात गर्भ टिकण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं.

गर्भपाताखेरीज अकाली प्रसूती होऊ शकते. वारेतून बाळाला लागण क्वचित होते. झालीच तर जन्मानंतर ताप, कावीळ, यकृत-प्लीहा वाढणं, श्वासाचा त्रास असं दिसतं, किंवा काहीच दिसत नाही. गरोदर नसलेल्या बाईतही हा आजार महिनोन्‌महिने रेंगाळतो : सांधे, मणके, यकृत, खिन्नता, आणि कधीतरी गर्भनलिका किंवा बीजकोशाचा संसर्ग. हे सगळं पांढरपाणी, अशक्तपणा, कंबर अशा ओळखीच्या तक्रारींत सहज मिसळून जातं.

कोणते पर्याय होते

पहिला, कल्चरची वाट पाहायची. विडालच्या निम्म्याशिम्म्या अहवालावर एकदा फसगत झालेली, तेव्हा आता पक्कं कळल्याशिवाय गोळी नको, असं एका सहकाऱ्याचं मत होतं. ते चुकीचं नव्हतं. येर्सिनियासारख्या काही जंतूंची प्रतिपिंडंही या चाचणीत गोंधळ करतात. पण लक्षणं, शेळ्या आणि १:६४० हे तिन्ही एकत्र असताना थांबण्यात गर्भाचा तोटा जास्त वाटला. कल्चर आधीच लावलेलं होतं, औषध सुरू केल्यानं ते बिघडणार नव्हतं. ही वाट आम्ही सोडली.

दुसरा, नेहमीचा उपचार. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये सुचवलेली जोडी अजून पाया मानली जाते : सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन, सोबत रिफॅम्पिसिन किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिन. गरोदर बाईला यातलं डॉक्सिसायक्लिन द्यायचं टाळतात, कारण या गटातली औषधं बाळाच्या दात-हाडांत जाऊन बसतात. स्ट्रेप्टोमायसिननं बाळाच्या कानाला इजा होऊ शकते. म्हणजे जोडीतलं एकटं रिफॅम्पिसिन उरतं.

तिसरा, एकटं रिफॅम्पिसिन. हा उपचार बऱ्याच ठिकाणी दिला जातो आणि सोसायला सोपा आहे. आमची अडचण दोन ठिकाणी होती. सांध्यात शिरलेल्या आजाराला एक औषध पुरेल का? आणि रिफॅम्पिसिन क्षयावरचंही औषध आहे; बाईंना छुपा क्षयरोग असेल तर एकट्या रिफॅम्पिसिननं त्या जंतूला औषध न जुमानण्याचं शिक्षणच मिळेल. तीन आठवड्यांचा ताप, घाम, वजन घटणं ही क्षयाचीही लक्षणं. पोटावर शिशाचा पडदा ठेवून छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. तरीही एकट्या औषधावर मन बसेना.

चौथा, रिफॅम्पिसिन आणि कोट्रायमॉक्साझोल. दुसरं औषध फॉलिक आम्लाच्या वाटेत आडवं येतं, म्हणून पहिल्या तिमाहीत नको. आणि शेवटच्या आठवड्यांत नको, कारण बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, ते प्रथिनांवरून ढकलून मोकळं करतं आणि ते मेंदूत जायची भीती असते. सतरावा आठवडा या दोन काठांच्या मधला. वेळ आमच्या बाजूनं होती, असं या प्रकरणात एवढंच एकदा झालं.

पाचवा पर्याय घरातून आला. नवऱ्यानं मला बाहेर गाठून विचारलं, “गर्भ काढून टाकलेलाच बरा ना डॉक्टर? मूल सदोष निघालं तर?” या आजारानं गर्भात व्यंग निर्माण होतं असं दिसलेलं नाही, आणि आजार हे गर्भ काढण्याचं कारणही नाही, हे त्यांना सांगितलं. पण ते फक्त त्यांना सांगून भागणार नव्हतं. बाईंना वेगळं बसवून तेच सगळं, धोक्याच्या आकड्यांसकट, पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “गोळ्या द्या.”

काय केलं

रोझ बेंगॉल आणि ॲग्लुटिनेशनचे अहवाल आले त्याच संध्याकाळी रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम रोज आणि कोट्रायमॉक्साझोल १६०/८०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं. त्याआधी जीसिक्सपीडी तपासून घेतलं; तांबड्या पेशींतलं हे विकर कमी असेल तर कोट्रायमॉक्साझोलनं त्या पेशी फुटू शकतात. फॉलिक आम्ल चालू ठेवलं. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉलच, कारण बाकीच्या वेदनाशामकांचं गरोदरपणात बरंच ‘पण’ आहे.

पशुवैद्यांना एक प्रश्न लगेच विचारला : गोठ्यात कुठली लस दिली आहे का? हे कुतूहल नव्हतं. गाईंना देण्याची आरबी-५१ ही लस जिवंत जंतूची असते आणि तो जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नाही. नेहमीच्या रक्तचाचण्यांतही तो सापडत नाही. शेळ्या-मेंढ्यांसाठीची रेव्ह-१ स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही. इथे कुठलीच लस दिलेली नव्हती.

सहाव्या दिवशी ताप गेला. एमआरआय पाहिल्यावर उपचाराची मुदत हा पुढचा निर्णय झाला. साध्या आजाराला सहा आठवडे पुरतात, सांध्या-मणक्यांत शिरलेल्याला कमी पडतात आणि आजार उलटतो. आम्ही बारा आठवडे ठरवले. हिशेब मांडला तेव्हा ते तिसाव्या आठवड्याच्या आसपास संपत होते, म्हणजे कोट्रायमॉक्साझोल बाळंतपणाच्या बरंच आधी थांबणार होतं.

उपचाराच्या दुसऱ्या आठवड्यात एएलटी ८८ वरून १३२ झालं. आजारानं यकृत आधीच सुजलेलं, वर रिफॅम्पिसिन यकृतावरच ताण देणारं. औषध थांबवायचं? बाईंना मळमळ नव्हती, कावीळ नव्हती, भूक परतत होती. थांबवलं तर आजार मोकळा सुटणार. दर आठवड्याला तपासायचं आणि लक्षणं दिसली किंवा आकडा फारच चढला तर थांबवायचं, अशी रेघ आखून औषध चालू ठेवलं. पुढच्या तीन आठवड्यांत आकडा ६१ वर आला. म्हणजे वाढ आजाराचीच असावी. त्या आठवड्यात मात्र हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि दर वेळी अहवाल उघडताना माझा हात थबकायचा.

मधली घसरण

उपचाराच्या सातव्या आठवड्यात बाई तपासणीला आल्या नाहीत. फोनवर नवऱ्यानं गोळ्या चालू आहेत असं सांगितलं. दहा दिवसांनी त्या आल्या तेव्हा कळलं की आठ दिवस गोळ्या बंद होत्या. लघवी केशरी-लाल होत होती. सासूबाईंच्या नजरेला ती पडली, त्यांना वाटलं रक्त जातं आहे, औषध गर्भाला लागलं. गेल्या वर्षीचा अनुभव घरात ताजा होता.

रिफॅम्पिसिननं लघवी, घाम, अश्रू केशरी होतात हे आमच्याकडचा शिकाऊ डॉक्टरही झोपेत सांगेल. आम्ही ते बाईंना सांगितलं होतं, पण घाईत, घरी सोडायच्या दिवशी, दहा सूचनांमध्ये. आणि ज्यांच्या शब्दावर घरात गोळी चालू किंवा बंद होणार त्या सासूबाईंना सांगितलंच नव्हतं. या वेळी दोघींना समोर बसवलं. सासूबाईंनी शेवटी विचारलं, “मग डोळ्यातलं पाणीबी तांबडं?” हो म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला. सूनबाई रडताना त्यांनी ते पाहिलं होतं.

ताप परतला नव्हता. बुडालेले आठ दिवस शेवटी जोडले. उपचार गरोदरपणाच्या एकतिसाव्या आठवड्यात संपला.

बाळंतपण

अडतिसाव्या आठवड्यात कळा आपोआप सुरू झाल्या. प्रसूतिकक्षाला आधीच लेखी कळवलं होतं : दोन हातमोजे, मास्क, डोळ्यांना चष्मा, वार वेगळ्या पिशवीत, थोडा तुकडा कल्चरला. उपचार पूर्ण झाल्यामुळे धोका कमी होता. तरी खबरदारी घेतली, कारण गर्भजल आणि वार हाताळणाऱ्याला लागण होऊ शकते, आणि त्या रात्री कक्षात ड्यूटीवर असलेल्या एक सिस्टर स्वतः गरोदर होत्या. त्यांना त्या टेबलावर ठेवलं नाही.

मुलगा झाला, २,६५० ग्रॅम, लगेच रडला. बाळाला जन्मल्याबरोबर के जीवनसत्त्व दिलं. ते सगळ्यांनाच देतात, पण आईनं शेवटच्या आठवड्यांत रिफॅम्पिसिन घेतलेलं असेल तर त्याचं महत्त्व आणखी वाढतं. वारेचं आणि बाळाच्या रक्ताचं कल्चर नकारार्थी आलं. बाळाच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. त्यावरून घबराट होण्याआधी बालरोगतज्ज्ञांनी समजावलं की ती आईकडून आलेली असू शकतात, उतरतात का ते पाहायचं. चौथ्या महिन्यात ती गेली होती.

अंगावर पाजायचं का, यावर चर्चा झाली. आईच्या दुधात ब्रुसेला सापडल्याच्या आणि त्यातून बाळाला लागण झाल्याच्या नोंदी आहेत. इथे उपचार पूर्ण होऊन सात आठवडे झाले होते, ताप नव्हता, रक्ताचं कल्चर स्वच्छ होतं. पाजायला सांगितलं.

घर आणि गोठा

नवऱ्याच्या एका वृषणाला महिन्याभरापासून सूज होती. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं म्हटल्यावर, तेही तिसऱ्यांदा विचारल्यावर, सांगितलं. पुरुषांत हा आजार तिथे घर करतो. चाचणी होकारार्थी आली आणि त्यांना सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन दिलं. संबंधातून लागण क्वचित, पण नोंदलेली आहे. दोघांचे उपचार संपेपर्यंत निरोध वापरायला सांगितलं. मुलीची आणि सासूबाईंची चाचणी नकारार्थी आली, तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हाही.

दूध उकळायचं, यावर घरात वाद झाला नाही. गाभडलेल्या शेळीला हात न लावण्यावर झाला. “मग कोण लावणार?” हा बाईंचा प्रश्न रास्त होता. कोपरापर्यंतचे हातमोजे, तोंडाला फडकं, जार आणि मेलेलं करडू चुना टाकून खोल पुरायचं, आणि गरोदरपणात हे काम नवऱ्यानं करायचं, एवढं ठरलं. ते किती पाळलं जातं हे मी पाहायला गेलो नाही.

बाई उपचारानंतर वर्षभर येत राहिल्या. आजार उलटतो तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांत. पाचव्या महिन्यात ताप आला तेव्हा आम्ही सगळेच धसकलो. निघाला स्तनाचा साधा संसर्ग. वर्षअखेरीस ॲग्लुटिनेशन १:४० वर उतरलं होतं, कंबर दुखत नव्हती.

पुन्हा अशी बाई आली तर

व्यवसायाचा रकाना बदलणं सगळ्यांत सोपं होतं. आता आमच्या केसपेपरवर त्याखाली आणखी दोन प्रश्न छापले आहेत : ‘घरी जनावरं आहेत का? ती कोण सांभाळतं?’ तिसरा प्रश्न छापलेला नाही, तोंडी विचारतो, आणि ‘गर्भपात’ हा शब्द न वापरता : कुठलं जनावर गाभडलं का? शब्द बदलला की उत्तर येतं, असा अनुभव आहे.

ताप असताना झालेल्या आधीच्या गर्भपाताचं कारण शोधलं गेलं असतं तर हे वर्ष वेगळं गेलं असतं का, सांगता येत नाही. रोझ बेंगॉल मात्र तेव्हाही काही मिनिटांचीच चाचणी होती.

कंबरदुखीचं मला सर्वांत जास्त लागतं. रात्री कूस बदलताना एकाच बाजूला कळ, सोबत ताप, हे गरोदरपणाच्या कंबरदुखीचं चित्र नव्हे. बाईंनी ते पहिल्याच दिवशी नीट सांगितलं होतं आणि मी ते लिहूनही घेतलं होतं.

प्रयोगशाळेला संशय तीन दिवस उशिरा कळला. बाटली तोवर उघडली गेली नव्हती, म्हणून निभावलं.

पशुवैद्यांना निरोप मी तोंडी दिला, लस विचारायला केलेल्या फोनवरच. लेखी कळवायला हवं होतं, त्याच दिवशी. ते आठ दिवसांनी गोठ्यात पोचले. उरलेल्या शेळ्यांपैकी चार होकारार्थी निघाल्या आणि कळपातून काढल्या गेल्या. उरलेल्या म्हणजे नऊ. गाभडलेल्या तिघींपैकी दोन त्याआधीच्या आठवड्यात विकल्या गेल्या होत्या, रुग्णालयाच्या खर्चासाठी. त्या कोणाच्या गोठ्यात गेल्या, तिथे त्यांची धार कोण काढतं, याचा पत्ता लागला नाही.